मूळ मूल्य

चिंचोळखेडच्या रेणुका खोडके हिच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झाली, त्याच्या आदल्या दिवशी तिच्यासाठी केलेल्या तिन्ही फोनची नोंद ‘त्वरा’ या आपत्कालीन सेवेच्या यंत्रणेत झाली होती. पहिला फोन : उत्तर दोन सेकंदांत, भाषा ओळखली, लक्षणे ओळखली, धीर दिला. निकाल, उत्तीर्ण. दुसरा फोन, उत्तीर्ण. तिसऱ्या फोनवर रेणुकाची सासू अनुसयाबाई बोलण्याऐवजी नुसत्या रडत होत्या. तोही उत्तीर्ण. गाडी एकाही फोनवर निघाली नाही. चाचणीच्या फोनवर गाडी पाठवायची नसते.

रेणुका बाळंत होऊन आठवडा झाला होता. दुपारी रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा शेजाऱ्याची पिकअप दारातच उभी होती. अनुसयाबाईंनी ती नको म्हटले, कारण फोनवरचा आवाज स्वच्छ वऱ्हाडीत सांगत होता, “घाबरू नका माय, गाडी निघाली. पेशंटले हलवू नका.” त्यांनी हलवले नाही. शेवटी पिकअपच काढली, पण उशिरा. ग्रामीण रुग्णालयाचे फाटक दिसण्याआधी रेणुका गेली होती.

‘त्वरा’चे फोन माणसे उचलत नसत, यंत्र उचलत असे. त्यात गैर काही नव्हते. यंत्र आल्यापासून ‘फोन लागला पण कुणी उचलला नाही’ ही तक्रार जवळपास संपली होती. पण यंत्र नीट उत्तर देते आहे ना, हे तपासणार कोण? एखाद्या खेड्यात महिनाभर कुणाला काही झाले नाही आणि मधल्या काळात तिथली लाइन बिघडली, तर ते कळणार थेट कुणी मेल्यावर. म्हणून यंत्रणा स्वतःलाच खोटे फोन करत असे. प्रत्येक मोबाइल टॉवरवर एक लहान डबा बसवला होता. तो दिवसभर अधूनमधून फोन लावायचा आणि माणसासारखा ओरडायचा : छातीत दुखतंय, साप चावला, पोरगं विहिरीत पडलं. यंत्राने बरोबर उत्तर दिले की चाचणी उत्तीर्ण.

सुरुवातीला हे फोन ध्वनिमुद्रित होते. यंत्र शिकणारे होते. काही आठवड्यांत ते मुद्रित आवाजांना बिनचूक उत्तरे देऊ लागले आणि खऱ्या माणसांपुढे मात्र अडखळू लागले. मग गावोगावच्या लोकांकडून आवाज मागून घेतले. एकेकाचे तासभर बोलणे नोंदवायचे, त्यावरून त्याच्या आवाजाचा साचा बनवायचा आणि त्या साच्यातून दर वेळी नवे वाक्य, नवा हुंदका, नवी धाप काढायची. आता नुसते ऐकून खरा फोन कोणता आणि खोटा कोणता हे यंत्राला ओळखता येईना. हेच हवे होते. तरी खोट्या फोनवर खरी गाडी धावू नये, एवढे त्याला कळणे भाग होते. त्यासाठी दोन अटी ठेवल्या. आवाज एखाद्या आवाजदात्याचा असावा, आणि फोन टॉवरवरच्या डब्यातून आलेला असावा. दोन्ही जुळल्या तर ती चाचणी. एक जरी जुळली नाही, तर पलीकडे माणूस आहे, गाडी पाठवा.

अनुसयाबाई आवाजदात्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर घाटाखालच्या, म्हणजे चिंचोळखेडच्या, विभागातल्या चाचण्यांची मांडणी बदलण्यात आली, आणि त्या बदलात दुसरी अट नाहीशी झाली.

ही मांडणी बदलण्याचे साधन कसे वापरावे हे सांगणारे पान सुनयना म्हैसने हिने लिहिले होते. ती अकोल्यात, यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत, कागदपत्रे लिहिण्याच्या कामावर होती. साधन म्हणजे एक एपीआय : नियंत्रण कक्षातल्या संगणकाने मुख्य संगणकाला ठरलेल्या नमुन्यात निरोप पाठवायची सोय. निरोपात रकाने असत. फोन किती वेळाने लावायचा, कोणत्या तासांत, कोणत्या आवाजात, कुठून. या साधनाची एक खोड होती. ते जुन्या मांडणीत दुरुस्ती करत नसे. जुनी पाटी पुसून नवी लिहीत असे. निरोपात जो रकाना आलाच नाही, तिथे ते साधन बनताना भरून ठेवलेले मूल्य घालायचे. ‘कुठून’ या रकान्यात तेव्हा ‘कुठूनही’ भरलेले होते, कारण साधन बनले त्या वेळी टॉवरवर डबेच नव्हते.

अशा आधीच भरून ठेवलेल्या मूल्याला संगणकवाले डिफॉल्ट म्हणतात. कंत्राटाची अट होती की कागदपत्रांत इंग्रजी शब्द नकोत, देवनागरीतसुद्धा नकोत. सुनयनाने लिहिलेला ‘डिफॉल्ट’ भाषा अधिकाऱ्यांनी लाल करून परत पाठवला. ‘पूर्वनिर्धारित’ तिला स्वतःलाच जड वाटला. तिने ‘मूळ मूल्य’ हा शब्द घेतला, कंपनीच्या कोशात त्याचा अर्थ लिहिला आणि वाक्य केले, ‘न पाठवलेल्या रकान्यांत मूळ मूल्य येईल.’

मग पान वाचक-चाचणीला गेले. कंपनीत कोणतेही पान माणसांच्या हाती देण्याआधी नऊ हजार कृत्रिम वाचकांना दाखवत. जसे खोटे फोन करणारे, तसेच हे खोटे वाचणारे. ते पान वाचत, प्रश्नांची उत्तरे देत, कुठे अडखळलो ते सांगत. या पानावर त्यांनी एकच सूचना केली. ‘येईल’च्या जागी ‘राहील’ घ्यावे, वाचायला सफाईदार होते. सुनयनाने ती मान्य केली.

न पाठवलेल्या रकान्यांत मूळ मूल्य राहील.

घाटाखालच्या कक्षातला तंत्रज्ञ सम्यक तायडे तिच्या ओळखीचा होता. प्रशिक्षणाच्या वेळी सगळ्यांत जास्त शंका त्यानेच विचारल्या होत्या, आणि पुढेही अडले की तो थेट फोन करायचा. रेणुकाच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला.

“ताई, एक शब्द विचारायचा होता.”

“विचार ना.”

“मूळ म्हणजे काय?”

तिला वाटले, तो थट्टा करतो आहे. “कुठलं मूळ? झाडाचं की दाताचं?”

“रकान्याचं.”

“अरे, डिफॉल्ट. साधनात पहिल्यापासून भरलेलं असतं ते.”

मग तो सावकाश म्हणाला, “मी समजलो, मूळचं. म्हणजे आधी होतं ते. मूळ जागी राहील म्हणजे जिथं आहे तिथंच राहील ना, ताई? मी चारदा वाचलं ते वाक्य. उन्हाची लाट येणार म्हणून वरून चाचण्या वाढवायला सांगितल्या. मी दोनच रकाने पाठवले, किती वेळानं आणि कोणत्या तासांत. बाकीचं मूळ राहील असं तुम्हीच लिहिलंय.”

सुनयनाने पान उघडले. वाक्य समोर होते. ते तिने प्रथमच दुसऱ्या बाजूने वाचले, आणि त्यानंतर तिला ते पहिल्या बाजूने वाचता येईना.

“तू कुठे आहेस आत्ता?”

“घरी. निलंबित केलंय. पोलीस म्हणतात निष्काळजीपणानं मृत्यू. वकील म्हणतो, सांगून टाक की पान वाचलंच नव्हतं. घाई होती, चुकलं. त्यानं शिक्षा कमी होते म्हणे. पण मी वाचलं होतं, ताई. वाचलं नसतं तर तुम्हाला फोन करून विचारलं असतं.”

दुसऱ्या दिवशी तिचे वरिष्ठ देवस्थळी पुण्याहून स्क्रीनवर आले. सरकारने चौकशी नेमली होती आणि साक्षीदारांत सुनयनाचे नाव होते.

“तुला एवढंच सांगायचंय,” देवस्थळी म्हणाले, “की मूळ मूल्य हा शब्द कोशात आहे आणि त्याचा अर्थ दिलेला आहे. दिलेला आहे ना?”

“आहे.”

“मग संपलं.”

“सर, बाकीच्या विभागांना आजच कळवूया. सगळीकडे हेच पान आहे.”

“काय कळवायचं? पान चुकलंय म्हणून? चौकशी सुरू व्हायच्या आधी आपणच कबुली लिहून द्यायची?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “घाटाखालच्या चाचण्या बंद केल्यात. बाकी कुठूनही तक्रार नाही. आणि तू परस्पर कुणाला फोन करू नकोस, सुनयना. केलास तर मी तुझ्या बाजूनं उभा राहू शकणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवतोय, नंतर वाईट वाटायला नको.”

रविवारी ती चिंचोळखेडला गेली. ते तिचे माहेर. वडील उत्तमराव एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर गावात एकटेच राहत. आवाज गोळा करायचे ठरले तेव्हा सुनयनाने त्यांनाच गळ घातली होती आणि त्यांनी घरोघर जाऊन दहाबारा जण तयार केले होते. पुढे ते फोनवर विचारत, “आज माह्या आवाजाले कितीदा अटॅक आला व?” आणि स्वतःच हसत. आता ते विचारत नव्हते.

दोघे खोडक्यांकडे गेले. अनुसयाबाई ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या. त्यांनी उत्तमरावांकडे पाहिले नाही. सुनयनाला बस म्हणाल्या.

“तुह्या बापानं सांगतलं, आवाज देल्यानं गावाचं भलं होते. म्या देला.” त्या बाटलीकडे बघत बोलत होत्या. “थे फोनवरची बाई म्हणे गाडी निघाली. मले एवढंच सांग, कुठून निघाली होती?”

“निघालीच नव्हती, काकू.”

“मंग तिनं कायले म्हटलं?”

सुनयनाने खूप शब्द शोधले. “तिला वाटलं, तुम्ही खऱ्या नाही. चाचणी आहे.”

“म्या त रडली तिच्यापुढं,” अनुसयाबाई म्हणाल्या.

परत येताना उत्तमराव देवळाच्या पारापाशी थांबले. “चौकशीत काय सांगशीन?”

“आहे तेच. वाक्य दोन्हीकडून वाचता येतं. चूक माझी आहे, सम्यकची नाही.”

“तुले आत टाकतीन.”

“नाहीतर त्याला टाकतील.”

“तो कोन लागते तुह्या?”

“बाबा, दुसऱ्या विभागांत अजून तेच पान वापरतायत. मला आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करावेसे वाटतात.”

उत्तमरावांनी तिचा हात धरला. बसमध्ये उतारूला दरडावत तसा त्यांचा आवाज चढला, मग उतरला. “हे पाय. चौकशीत बोलायचं असन त बोल. तिथं विचारतीन, तू सांगशीन, थे लिहून घेतीन. सरकारी काम हाय थे. पण बाहेर कोनाले फोन करू नोको. नोकरी जाईन, केस होईन. अन् मी इथं एकला काय करू? खोडक्याचं दार आताच बंद झालं. राह्यलेले पन होतीन. मले शब्द दे.”

तिने शब्द दिला. त्यात तिला भित्रेपणा वाटला नाही. चौकशी काही आठवड्यांवर होती. चौकशीतून एकदा आदेश निघाला की पान सगळीकडे एकाच दिवशी बदलले असते. चार ठिकाणी फोन करून सांगण्यापेक्षा ते पक्के होते.

चौकशी एका निवृत्त न्यायाधीशांपुढे झाली. शांत, सौजन्याने बोलणारे गृहस्थ होते. सुनयनाने सगळे सांगितले : परत आलेला ‘डिफॉल्ट’, ‘येईल’चे झालेले ‘राहील’, आणि मराठीत ‘मूळ’ या शब्दाला असलेले दोन अर्थ. त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतले. मागच्या रांगेत सम्यक पाठ ताठ करून बसला होता.

मग देवस्थळींनी परवानगी मागून वाक्य पडद्यावर लावले आणि नऊ हजार वाचकांना तिथेच प्रश्न विचारला : न पाठवलेल्या रकान्यांत काय असेल? उत्तर यायला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही. साधनात आधीपासून भरलेले मूल्य असेल, असे झाडून सगळे म्हणाले.

“ते आमचा कोश शिकलेत, सर,” सुनयना म्हणाली. “कोश मी लिहिलाय. माझं वाक्य ते माझ्याच अर्थानं वाचतायत.”

“म्हणजे कोश त्यांना उपलब्ध होता,” न्यायाधीश म्हणाले. “तायडे यांना होता?”

“होता. पण माणूस कोश उघडतो तो शब्द अडल्यावर. त्याला शब्द अडलाच नव्हता.”

न्यायाधीशांनी तेही लिहून घेतले. “मुद्दा मला कळतो. पण बाई, एका बाजूला नऊ हजार आहेत, दुसऱ्या बाजूला एक. मी काय नोंदवू?”

“तो एकटाच खरा आहे, असं नोंदवा.”

कुणीतरी हसले. न्यायाधीशांनी हसणाऱ्याकडे नाराजीने पाहिले.

“इथे बसलेल्यांना विचारा, सर. कुणालाही.”

“इथल्या प्रत्येकाला प्रकरण ठाऊक आहे. त्यांचं वाचन आता पुरावा होत नाही.” ते अन्यायाने बोलत नव्हते. नियम तसाच होता.

निष्कर्ष त्याच आठवड्यात आला. कागदपत्र सुस्पष्ट होते. वापरणाऱ्याने कोश न पाहता बदल केला. सम्यकवरचा खटला पुढे चालवण्यास हरकत नाही. सुनयनाच्या साक्षीबद्दल एक ओळ होती : साक्षीदाराची भावनिक गुंतवणूक समजण्यासारखी आहे. निष्कर्ष घ्यायला आलेला सम्यक तिला कार्यालयाबाहेरच्या टपरीवर भेटला. त्याने तिच्यासाठीही चहा सांगितला.

“तुमचे वाचक हुशार आहेत, ताई,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नाही हे तिला कळले नाही. “मी नापास झालो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाऊन तिने पान उघडले. वाक्य पुसले आणि नवे लिहिले : ‘जो रकाना पाठवणार नाही त्यातले आत्ताचे पुसले जाईल. सगळे रकाने पाठवा.’ पान वाचक-चाचणीला लावले. नापास. ‘आत्ताचे’ हा शब्द कोशात नाही. ‘पुसले जाणे’ कोशात नाही. नऊ हजारांचा गोंधळ झाला होता. तिने कोशात शब्द घालायला घेतले, तर त्यासाठी देवस्थळींची मंजुरी लागत होती.

“चौकशीनं सुस्पष्ट ठरवलेलं पान आपण आता बदलायचं?” देवस्थळी म्हणाले. “उद्या तायडेचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. का बदललं? तू थोडे दिवस सुट्टी घे, सुनयना.”

तिने सुट्टीचा अर्ज केला नाही. ती जिन्यात गेली, दार लावून घेतले आणि वडिलांना दिलेला शब्द मोडला.

खारपाण पट्ट्याच्या कक्षात एक वयस्क गृहस्थ होते. “आम्ही त्याला हात लावत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “बसवल्यापासून चालतंय. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?” तिला हायसे वाटले. तिने त्यांना समजावले आणि त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. नदीकाठच्या कक्षातला मुलगा दर वेळी जुना निरोप उचलून त्यातला हवा तो आकडा बदलून पाठवत असे. त्यामुळे सगळे रकाने आपोआप जात. “आळस कामी आला बघा,” तो म्हणाला.

मग तिने घाटावरच्या कक्षाला फोन लावला. तिथे नीलिमा शिंगणे होती. प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसणारी, नीटनेटकी.

“नमस्कार मॅडम. आमच्याकडं कसा फोन?”

“शिंगणे, तुमच्याकडे इतक्यात मांडणीत काही बदल केलाय का?”

“आज सकाळीच केला ना. पाऊस जवळ आला, सापाच्या चाचण्या वाढवा म्हणून निरोप आला होता.”

“किती रकाने पाठवले?”

“दोनच. बाकीचे मूळ राहतात ना.” तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. “तायडेंचं तसं झाल्यापासून आम्ही पान समोर उघडं ठेवूनच करतो, मॅडम. एकेक ओळ वाचून.”

“‘कुठून’चा रकाना बघा. आत्ता, फोन न ठेवता.”

“बघते. पण तुम्ही काळजी नका करू, सगळ्या पास होताहेत. उलट ठरल्यापेक्षा एक जास्तच झालीय सकाळपासून.”

“कुठली आहे ती?”

कळा दाबल्याचा आवाज आला.

“मांडवा गावची. डब्याचा नंबर काही दिसत नाही. सापाचीच आहे, बाईचा आवाज. लावू का, ऐकायचीय? फार खरं रडते, मॅडम.” ती पुढचे वाचू लागली. “उत्तर दोन सेकंदांत. भाषा ओळखली. धीर दिला. पास.”